अविरत अपस्मारातील विद्युत् आघात चिकित्सा

औषधांना दाद न देता तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस चालू राहणाऱ्या अपस्माराच्या (फेफऱ्याच्या, आकडीच्या) अवस्थेत रुग्णाला भूल देऊन त्याच्या मस्तकावाटे नियंत्रित विद्युत् प्रवाह काही सेकंद सोडणे आणि त्यायोगे मेंदूत एक अल्पकालीन, सर्वव्यापी आकडी मुद्दाम घडवून आणून मूळची न थांबणारी आकडी थांबविण्याचा प्रयत्न करणे, या उपचारास ही संज्ञा लावतात. विद्युत् आघात चिकित्सा मुख्यत्वे तीव्र अवसाद (खिन्नता), ताठरता (कॅटॅटोनिया) व काही प्रकारचे छिन्नमानस या मनोविकारांसाठी वापरली जाते. अपस्मारात तिचा उपयोग फार क्वचित आणि इतर उपाय निष्फळ ठरल्यावरच केला जातो. आकडीने ग्रासलेल्या रुग्णात आणखी एक आकडी निर्माण करणे हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तथापि प्रत्येक आकडीच्या अखेरीस मेंदू स्वतःच ती थांबविणारी शमनक्रिया सुरू करतो, या शरीरक्रियावैज्ञानिक वस्तुस्थितीवर हा उपचार आधारलेला आहे. [⟶ अपस्मार].

अविरत अपस्मार : सामान्य आकडी बहुधा एक ते दोन मिनिटांत आपोआप थांबते. ती थांबली नाही, किंवा मध्यंतरी शुद्धीवर न येता रुग्णाला एकामागून एक आकड्या येत राहिल्या, तर त्या अवस्थेला ‘अविरत अपस्मार’ म्हणतात. या अवस्थेसाठी वापरण्यात येणारी फ्रेंच संज्ञा ल्वी काल्मेय यांच्या १८२४ च्या प्रबंधात आढळते. १९६२ साली मार्से येथे आंरी गास्तो यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिसंवादात या अवस्थेच्या विविध प्रकारांचे आधुनिक वर्गीकरण करण्यात आले. अवस्था किती वेळ टिकल्यास तिला अविरत म्हणावे, याविषयी पूर्वी ३० मिनिटांची मर्यादा मानीत. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१५ साली केलेल्या व्याख्येत दोन कालमर्यादा धरल्या आहेत. पहिली मर्यादा उलटल्यावर आकडी आपोआप थांबण्याची शक्यता फारशी उरत नाही. दुसरी उलटल्यावर मेंदूला कायमची इजा होण्याचा संभव असतो. सर्वांगाला झटके येणाऱ्या प्रकारात या मर्यादा अनुक्रमे ५ व ३० मिनिटे आहेत. म्हणजेच उपचार पाच मिनिटांनंतर सुरू झाले पाहिजेत, अर्ध्या तासाने नव्हे.

आकडीने ग्रस्त व्यक्तीला कांदा किंवा जोडा हुंगविण्याची रूढी महाराष्ट्रात पूर्वापार आढळते. तिचा उपयोग नसतो आणि तीत मोलाचा वेळ मात्र खर्ची पडतो. व्यक्तीला कुशीवर वळविणे, तोंडात काहीही न घालणे, घड्याळ पाहणे आणि आकडी पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णालय गाठणे, एवढेच जवळच्यांना करण्यासारखे असते.

मस्तिष्कशोथ व मस्तिष्कावरणशोथ (मेंदूची व त्याच्या आवरणांची दाहयुक्त सूज), पक्षाघात, मस्तकास झालेली इजा, मेंदूतील अर्बुद (गाठ), रक्तातील ग्लुकोज किंवा सोडियम यांचे प्रमाण घटणे, मद्यपान एकाएकी बंद होणे, तसेच अपस्माराच्या जुन्या रुग्णाने औषधे अचानक थांबविणे ही या अवस्थेची नेहमीची कारणे होत. काही वेळा मात्र पूर्वी पूर्णपणे निरोगी असलेल्या तरुण व्यक्तीत किंवा बालकात, बहुधा काही दिवसांच्या तापानंतर, ही अवस्था एकाएकी उद्‌भवते आणि सुरुवातीच्या तपासण्यांत कोणतेही कारण सापडत नाही. प्रस्तुत चिकित्सेचा विचार ज्यांच्या बाबतीत करावा लागतो, त्यांत अशा रुग्णांचा भरणा बराच असतो.

उपचारांचे टप्पे : पहिल्या टप्प्यात लोराझेपाम, डायाझेपाम किंवा मिडाझोलाम यांपैकी एखादे बेंझोडायाझेपीन गटातील औषध नीलेतून, स्नायूत अथवा नाकावाटे दिले जाते. ते वेळेवर व पुरेशा मात्रेत दिल्यास सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत आकडी थांबते. दुसऱ्या टप्प्यात लेव्हेटिरासिटाम, व्हॅलप्रोएट किंवा फॉसफेनिटॉइन (अथवा फेनिटॉइन) नीलेतून देतात. या तीन औषधांची तुलना करणाऱ्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत तिघांचाही गुण सारखाच, म्हणजे जवळजवळ निम्म्या रुग्णांत, दिसून आला. हे दोन्ही टप्पे अपयशी ठरल्यास त्या अवस्थेला ‘दुर्दम्य’ म्हणतात. त्यानंतर रुग्णाला अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनावर ठेवून मिडाझोलाम, प्रोपोफॉल, थायोपेंटोन किंवा केटामीन यांच्या अखंड धारेने गाढ भूल दिली जाते. विद्युत् मस्तिष्कालेखावरील (मेंदूतील विद्युत् घडामोडींच्या आलेखावरील) आकडीच्या खुणा नाहीशा होईपर्यंत भूल वाढवितात, साधारणपणे २४ ते ४८ तास टिकवितात आणि नंतर हळूहळू कमी करतात. भूल सुरू केल्यावर २४ तास किंवा अधिक काळ आकडी चालू राहिली, अथवा भूल कमी करताच ती पुन्हा उद्‌भवली, तर त्या अवस्थेला ‘अतिदुर्दम्य’ म्हणतात. ही संज्ञा २०११ च्या सुमारास रूढ झाली. अतिदुर्दम्य अवस्थेतील मृत्यूचे प्रमाण मोठे असून प्रसिद्ध झालेल्या रुग्णसमूहांत ते साधारणतः एक-तृतीयांशाच्या आसपास आढळते. वाचलेल्यांपैकी अनेकांत स्मृतिदोष, बौद्धिक न्यूनता किंवा कायमचा अपस्मार राहून जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. आकडी दीर्घकाळ चालली की हातापायांचे झटके मंदावतात. पुढेपुढे केवळ पापण्यांची फडफड किंवा ओठाच्या कोपऱ्याचे स्फुरण एवढेच दिसते आणि कधी तेही दिसत नाही. पाहणाऱ्यास रुग्ण शांत झाला असे वाटते. प्रत्यक्षात मेंदूतील विद्युत् वादळ चालूच असते आणि ते केवळ आलेखावर दिसते. म्हणून या रुग्णांत विद्युत् मस्तिष्कालेखाचे सतत निरीक्षण हा उपचाराचाच भाग होय.

औषधे निष्प्रभ होण्याची कारणे : आकडी जितकी लांबते तितकी ती औषधांना कमी दाद देते. तंत्रिका कोशिकांमधील (मज्जापेशींमधील) संदेशवहनात गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल (गॅबा) हा प्रमुख शामक पदार्थ असून ग्लुटामेट हा प्रमुख उद्दीपक पदार्थ आहे. कोशिकेच्या पटलावरील गॅबा-ग्राहींवर (गॅबाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांवर) बेंझोडायाझेपीन औषधे कार्य करतात. अविरत अपस्मारात हे ग्राही पटलावरून कोशिकेच्या अंतर्भागात ओढले जातात आणि याउलट ग्लुटामेटाचे काही ग्राही पटलावर अधिक संख्येने येतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. परिणामी लगाम सैल होतो, चाबूक वाढतो आणि लगामावर काम करणाऱ्या औषधांना धरण्यास जागाच उरत नाही. ग्लुटामेटाच्या ग्राहींना रोधणारे केटामीन उशिराच्या अवस्थेतही उपयुक्त ठरू शकते, ते याच कारणाने.

आकडी चालू राहणे हीच मुळात इजा आहे, हे ब्रायन मेल्ड्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या बबून वानरांवरील प्रयोगांनी दाखविले. वानरांचे स्नायू शिथिल करून आणि कृत्रिम श्वसनाने त्यांचा प्राणवायूचा पुरवठा राखूनही दीर्घ आकडीनंतर त्यांच्या मेंदूतील कोशिका नष्ट झाल्याचे आढळले. स्नायूंच्या झटक्यांमुळे होणारी दमणूक, ताप व प्राणवायूची न्यूनता यांनी हानी वाढते. परंतु कोशिकांचे अनिर्बंध उद्दीपनही स्वतंत्रपणे घातक असते. म्हणून दिवस जसजसे उलटतात, तसतशी नवा उपाय योजण्याची निकड वाढत जाते.

इतिहास : आकडीचा उपचार म्हणून उपयोग करण्याची आधुनिक कल्पना हंगेरीचे लाडिस्लाउस मेडूना यांची. अपस्मार व छिन्नमानस या विकारांत परस्परविरोध असावा, या समजुतीने त्यांनी १९३४ साली छिन्नमानसाच्या रुग्णांत कापराच्या व पुढे पेंटिलिनटेट्राझोल या द्रव्याच्या अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) आकडी निर्माण केली. परस्परविरोधाची ही उपपत्ती पुढे टिकली नाही. काही रुग्णांना आलेला गुण मात्र खरा होता. इटलीचे ऊगो चेर्लेत्ती हे अपस्माराने मेंदूत होणाऱ्या बदलांचा अभ्यास कुत्र्यांत विजेने आकडी आणून करीत असत. त्याच अनुभवाच्या आधारे लूचो बीनी यांच्या साहाय्याने त्यांनी एप्रिल १९३८ मध्ये रोम येथे मनोरुग्णावर विद्युत् आघाताचा पहिला प्रयोग केला. म्हणजे या चिकित्सेचा उगमच मुळी अपस्माराच्या संशोधनात आहे. प्रारंभी ती भुलेविना दिली जाई आणि झटक्यांच्या जोराने हाडे मोडण्याचे प्रकार घडत. १९४० साली क्युरारेचा आणि १९५० नंतरच्या दशकात सक्सिनिलकोलीन या अल्पकाल टिकणाऱ्या स्नायुशिथिलकाचा वापर सुरू झाल्यावर, तसेच भूल देण्याची पद्धत रुळल्यावर, तिचे स्वरूप पूर्णपणे पालटले. चित्रपटांतून दाखविला जाणारा ‘शॉक’ आणि शस्त्रक्रियागृहातील आजची प्रक्रिया यांत त्यामुळे साम्य फारसे उरलेले नाही.

विद्युत् आघातांच्या मालिकेनंतर अपस्माराच्या रुग्णांतील नैसर्गिक आकड्या काही काळ कमी होतात, असे निरीक्षण १९४० नंतरच्या दशकातच नोंदले गेले होते. त्याच सुमारास परिणामकारक नवी औषधे उपलब्ध होऊ लागल्याने ते मागे पडले. १९८३ साली हॅरॉल्ड सॅकाइम व सहकाऱ्यांनी या चिकित्सेचा आकडीविरोधी गुण हाच तिच्या अवसादविरोधी गुणाच्या मुळाशी असावा, अशी कल्पना मांडली आणि या विषयाकडे पुन्हा लक्ष वेधले. १९९७ साली डेव्हिड ग्रिझमर व सहकाऱ्यांनी असाध्य आकड्या असलेल्या दोन बालकांवरील अनुभव आणि २००१ साली सेरा लिझँबी व सहकाऱ्यांनी अविरत अपस्मारातील अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर निरनिराळ्या देशांतून तुरळक रुग्णवृत्ते येत राहिली आहेत.

कार्ययंत्रणा : विद्युत् आघाताची मालिका चालू असताना दोन गोष्टी नियमितपणे आढळतात. एक, प्रत्येक खेपेस आकडीची अवसीमा (आकडी निर्माण करण्यासाठी लागणारे किमान उद्दीपन) वाढत जाते. दोन, निर्माण होणाऱ्या आकडीचा कालावधी घटत जातो. याचा अर्थ मेंदू आकडीला उत्तरोत्तर अधिक प्रतिकार करू लागतो. उत्तम प्रकारे घडलेल्या आकडीच्या अखेरीस मस्तिष्कालेख जवळजवळ सपाट होतो. या आकडी-पश्चात् शमनाच्या काळात कोशिकांचे उद्दीपन दबलेले असते.

या प्रतिकाराची नेमकी रासायनिक बैठक अद्याप पूर्णपणे उलगडलेली नाही. विद्युत् आघातानंतर गॅबाची शामक क्रिया वाढते, असे सुचविणारा पुरावा प्राणी व मानव या दोहोंत मिळाला आहे. फ्रँक टॉर्टेला व जोसेफ लाँग यांनी १९८५ साली आकडी येऊन गेलेल्या उंदरांतील मस्तिष्क-मेरुद्रव (मेंदू व मेरुरज्जू यांच्या भोवतीचा द्रव) दुसऱ्या उंदरांच्या मेंदूत सोडला असता त्यांना आकडीपासून संरक्षण मिळाल्याचे दाखविले. आकडी मेंदूतच आकडीविरोधी पदार्थ निर्माण करते, या कल्पनेला या प्रयोगाने बळकटी आली. शरीरात तयार होणारे अफूसदृश पदार्थ, ॲडेनोसीन व काही तंत्रिका-पेप्टाइडे यांचाही यात वाटा असावा असे मानतात.

अविरत अपस्मारातील आकडी आणि चिकित्सेने निर्माण केलेली आकडी यांतील भेद या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिलीत मेंदूचे वेगवेगळे भाग असमान व पुनःपुन्हा पेटत राहतात आणि शमनक्रिया पूर्णत्वास जात नाही. दुसरीत संपूर्ण मेंदू जवळजवळ एकाच वेळी उद्दीपित होतो आणि एकाच वेळी शमनावस्थेत जातो. हे शमन मूळच्या आकडीची साखळी तोडील, अशी अपेक्षा असते.

तंत्र : मनोविकारातील नेहमीच्या पद्धतीपेक्षा येथील तंत्र अधिक अवघड असते. पहिली अडचण रुग्णाला चालू असलेल्या औषधांचीच असते. बार्बिट्युरेटे, बेंझोडायाझेपिने व प्रोपोफॉल ही सर्व आकडीची अवसीमा वाढवितात. त्यांच्या प्रभावाखाली उपयुक्त आकडी निर्माण होणे कठीण जाते. म्हणून प्रक्रियेपूर्वी त्यांची मात्रा शक्य तितकी कमी करतात. केटामीन किंवा एटोमिडेट यांसारखी, अवसीमा फारशी न वाढविणारी औषधे भुलीसाठी निवडतात आणि आवश्यक तेथे बेंझोडायाझेपिनाचा परिणाम उतरविणारे फ्लुमॅझेनिल प्रवाहाच्या लगेच आधी देतात. ही मात्रा कमी करण्याची क्रियाच धोक्याची असते. कारण औषधांनी थोडीफार दाबून ठेवलेली मूळ आकडी त्यामुळे उसळू शकते. तिला पुन्हा आवरण्याची सिद्धता हाताशी ठेवूनच हे पाऊल उचलतात.

स्नायुशिथिलक देऊन आणि श्वसन यंत्राद्वारे राखून विद्युत् अग्रे दोन्ही कानशिलांवर किंवा कपाळाच्या दोन्ही बाजूंस ठेवतात. प्रवाह अखंड नसून स्पंदांच्या स्वरूपात असतो. स्पंदाची रुंदी साधारणतः ०·५ ते १ मिलिसेकंद, कंप्रता २० ते १२० हर्ट्‌झ, प्रवाह सुमारे ८०० ते ९०० मिलिअँपिअर आणि एकूण अवधी काही सेकंदांचा असतो. दिलेला एकूण विद्युत् भार मिलिकुलंबांत मोजतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या यंत्रांतून सु. ५०४ ते ५७६ मिलिकुलंब भार देता येतो आणि अविरत अपस्मारात बहुधा या कमाल मर्यादेजवळचा भार वापरावा लागतो. एका प्रयत्नात आकडी आली नाही, तर थोड्या अंतराने पुन्हा प्रवाह देतात. आकडी प्रत्यक्ष घडली की नाही आणि ती केव्हा थांबली, हे मस्तिष्कालेखावरून ठरवितात. कारण शिथिल केलेल्या स्नायूंवरून ते कळत नाही. मनोविकारात ही चिकित्सा सामान्यतः आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा दिली जाते. अविरत अपस्मारात ती रोज, लागोपाठ काही दिवस देण्याकडे कल असतो. मूळची औषधे या काळात पूर्णपणे बंद करीत नाहीत. गुण दिसल्यास भूल क्रमशः उतरवितात आणि आकडीविरोधी औषधे चालू ठेवतात.

परिणाम व पुराव्याचे स्वरूप : या उपचाराच्या बाजूचा पुरावा एकेकट्या रुग्णवृत्तांचा व छोट्या रुग्णसमूहांचा आहे. यादृच्छिक निवड करून तुलना केलेली चाचणी झालेली नाही आणि रुग्णांची संख्या व अवस्था पाहता ती करणेही कठीण आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात सर्व उपलब्ध साहित्य धुंडाळून अवघे १९ रुग्ण मिळाले. त्यांपैकी ११ जणांत आकड्या कमी झाल्या किंवा थांबल्या. ही आकडेवारी आशादायक असली, तरी तिचा अर्थ लावताना तीन गोष्टी विसरता कामा नयेत. यशस्वी झालेल्या उपचाराचे वृत्त प्रसिद्ध होते, अयशस्वी झालेल्याचे बहुधा होत नाही. प्रत्येक रुग्णास त्याच वेळी इतर अनेक औषधे चालू असल्याने गुण कशाचा, हे निश्चित सांगता येत नाही. तिसरे असे की, अविरत अपस्मार काही वेळा काही आठवड्यांनी मूळ कारणाबरोबर आपोआपही ओसरतो. शिवाय आकडी थांबणे आणि रुग्ण पूर्ववत होणे या भिन्न गोष्टी आहेत. आकडी थांबूनही बुद्धीची व हालचालींची हानी तशीच राहिलेले रुग्ण वृत्तांत आढळतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये विद्युत् आघाताच्या उपकरणांचे नियम ताठरता व तीव्र अवसाद यांच्यापुरते शिथिल केले, त्यात अपस्माराचा समावेश नव्हता.

धोके व निषेध : प्रवाह सोडताच क्षणभर हृदयाची गती मंदावते व त्यानंतर गती आणि रक्तदाब दोन्ही झपाट्याने वाढतात. हृदयविकाराच्या रुग्णांत यामुळे हृत्स्पंदनाची लय बिघडू शकते. आकडीच्या काळात मस्तकांतर्गत दाब वाढत असल्याने मेंदूतील मोठे अर्बुद, नुकताच झालेला रक्तस्राव किंवा वाढलेला दाब असल्यास फार विचारपूर्वक निर्णय घ्यावा लागतो. प्रक्रियेनंतर काही काळ गोंधळलेली मनःस्थिती व स्मृतिदोष हे परिणाम आढळतात. परंतु अविरत अपस्मार स्वतःच स्मृतीची हानी करीत असल्याने दोहोंचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. निर्माण केलेली आकडी स्वतःच लांबणे, किंवा चिकित्सेनंतर नव्याने अविरत अपस्मार सुरू होणे, ही गुंतागुंत क्वचित नोंदली गेली आहे. प्रतिकूल परिस्थितीतही काही निषेध निरपेक्ष नसतात. न थांबणाऱ्या आकडीचा धोका दुसऱ्या पारड्यात ठेवूनच त्यांचे वजन करावे लागते.

अन्य उपाय : ही चिकित्सा एकमेव शेवटचा उपाय नाही. प्रतिरक्षा यंत्रणेच्या बिघाडामुळे मेंदूस सूज आल्याचा संशय असल्यास स्टेरॉइडे, नीलेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलीन किंवा रक्तद्रवाची अदलाबदल हे उपचार लवकर सुरू करतात. स्निग्ध पदार्थांचे प्रमाण फार मोठे व कर्बोदकांचे अत्यल्प असलेला कीटोजनक आहार नळीवाटे देता येतो आणि विशेषतः बालकांत त्याचा उपयोग होतो. तान्ह्या मुलांत पिरिडॉक्सीन (ब६ जीवनसत्त्व) देऊन पाहणे आवश्यक असते. कारण त्याच्या गरजेतील जन्मजात दोषामुळे आलेली आकडी दुसऱ्या कोणत्याही औषधाने थांबत नाही. आकडीचे उगमस्थान मेंदूच्या एका निश्चित भागात सापडल्यास शस्त्रक्रिया शक्य असते. प्राणेशा तंत्रिकेच्या उद्दीपनाचे उपकरण बसविण्याचे प्रयोगही झाले आहेत. शरीर थंड करण्याच्या उपायाची पद्धतशीर चाचणी फ्रान्समध्ये घेण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत रुग्णांची अंतिम स्थिती त्यामुळे सुधारल्याचे दिसले नाही. ज्या उपायांची तर्कसंगती आकर्षक वाटते, ते सर्वच कसोटीला उतरतात असे नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. आणि विद्युत् आघात चिकित्सेलाही हा इशारा लागू पडतो.

संमती व कायदा : रुग्ण बेशुद्ध असल्याने निर्णय नातेवाइकांना घ्यावा लागतो. आधीच दिवसेंदिवस अतिदक्षता विभागाबाहेर बसून असलेल्या आईवडिलांना वा पतिपत्नीला ‘विजेचा झटका’ हा शब्दच घाबरवून सोडतो. म्हणून प्रक्रियेचे स्वरूप, भुलेचा वापर, पुराव्याची मर्यादा आणि गुण न येण्याची शक्यता या सर्व गोष्टी त्यांच्या भाषेत व पुरेसा वेळ देऊन सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

भारतात विद्युत् आघात चिकित्सेचे नियमन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने केले असून तो मे २०१८ पासून अंमलात आहे. त्यानुसार भूल व स्नायुशिथिलक यांवाचून ही चिकित्सा देण्यास मनाई आहे. अज्ञान (१८ वर्षांखालील) व्यक्तीस ती देण्यावरही बंदी असून मनोविकारतज्ञास तिची आवश्यकता वाटल्यास पालकाची माहितीपूर्वक संमती आणि संबंधित मंडळाची पूर्वपरवानगी घेऊनच ती देता येते. अधिनियमातील तातडीच्या उपचारांच्या तरतुदीचा आधार घेऊनही ती देता येत नाही. हा अधिनियम मानसिक आजारासंबंधी आहे आणि अपस्मार हा तंत्रिका तंत्राचा विकार आहे. तथापि भूल, संमती व बालकांचे संरक्षण यांविषयीची त्यातील तत्त्वे येथेही तितकीच उचित ठरतात. मंडळाच्या परवानगीसाठी लागणारा वेळ लक्षात घेता बालरुग्णाच्या बाबतीत हा विचार अगदी अखेरच्या क्षणी सुरू करून चालत नाही.

मूल्यमापन : विद्युत् आघात चिकित्सा केव्हा वापरावी, याविषयी तज्ञांत एकमत नाही. ती सर्वांत शेवटी योजली जाते, त्यामुळे तिच्या वाट्याला मेंदूची पुष्कळ हानी झालेले रुग्ण येतात आणि तिचे अपयश अंशतः या उशिराचे असू शकते, असे काहींचे म्हणणे आहे. याउलट अपुऱ्या पुराव्यावर ती लवकर वापरल्यास, ज्या रुग्णाला योग्य मात्रेतील औषधांनी किंवा मूळ कारणाच्या उपचाराने गुण आला असता, त्याला नाहक धोक्यात घातल्यासारखे होईल. या दोन्ही बाजूंना आधार आहे. व्यवहारात तंत्रिकारोगतज्ञ, मनोविकारतज्ञ व शुद्धिहरणतज्ञ (भूलतज्ञ) यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा आणि यश आले वा अपयश, प्रत्येक रुग्णाची नोंद प्रसिद्ध करावी, हाच यातून निघणारा मार्ग होय. लवकर व पुरेशा मात्रेत दिलेले साधे औषध हे सर्वांत परिणामकारक ठरते, ही गोष्ट या साऱ्या विवेचनाच्या मुळाशी आहे; ती वेळेवर साधल्यास पुढील टप्प्यांची गरज कमी रुग्णांना पडते. तथापि मूळ मेंदू शाबूत असलेल्या तरुण रुग्णांपैकी काही जण कित्येक आठवड्यांच्या अविरत अपस्मारानंतरही शुद्धीवर येऊन आपल्या घरी परतलेले आहेत. केवळ दिवस फार लोटले एवढ्याच कारणाने उपचार सोडून देऊ नयेत, असा निष्कर्ष त्यावरून निघतो. आणि विद्युत् आघात चिकित्सेचे आजचे स्थान, सिद्ध न झालेला तरी त्याज्य न मानलेला असा एक उपाय म्हणून, याच निष्कर्षावर उभे आहे.